‘ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे’ म्हणे, पण ॲडमिनिस्ट्रेटर तर मीच आहे!

आठवड्यातून एक तरी फोन हाच असतो. “दादा, कंट्रोल पॅनल उघडंना. ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा म्हणतंय. आता आमच्याकडं कोण ॲडमिनिस्ट्रेटर? दुकान माझं, मशीन माझं.” तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि वार्षिक देखभालीची कामं करतो मी. क्लासेस, पतसंस्था, मेडिकल दुकानं, एखाददुसरं सीएचं ऑफिस. एक्सपीच्या काळापासून विंडोज ११ पर्यंत हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं कळतं. बरेच जण कंटाळून सरळ फॉरमॅट मारतात. त्याची गरज क्वचितच असते, आणि कधी कधी तर फॉरमॅट मारूनही कुलूप तसंच राहतं. ते का, हे पुढे येईलच.

लक्षणं

यांतलं एक किंवा अनेक दिसत असेल तर तुम्ही योग्य जागी आलात.

- कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ‘टास्क मॅनेजर हॅज बीन डिसेबल्ड बाय युअर ॲडमिनिस्ट्रेटर’ असा डबा येतो, किंवा मेनूमध्ये टास्क मॅनेजर राखाडी दिसतो.
- कंट्रोल पॅनल किंवा सेटिंग्ज उघडायला गेलं की ‘धिस ऑपरेशन हॅज बीन कॅन्सल्ड ड्यू टू रिस्ट्रिक्शन्स इन इफेक्ट ऑन धिस कॉम्प्युटर’. कधी सेटिंग्ज क्षणभर चमकून बंद होतं, संदेशही नाही.
- रजिस्ट्री एडिटर किंवा काळी कमांडची खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडत नाही.
- स्टार्ट मेनूतून ‘रन’ गायब, शटडाऊन-रिस्टार्ट गायब, डेस्कटॉपवर राइट क्लिक चालत नाही.
- ‘धिस पीसी’मध्ये डी ड्राइव्ह दिसत नाही, पण जागा तर कुठे गेलेली नाही.
- पेन ड्राइव्ह लावला की नाव दिसतं, क्लिक केलं की ‘ॲक्सेस इज डिनाइड’.
- सेटिंग्जच्या पानावर वरती ‘सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ, आणि खालची बटणं दाबली जात नाहीत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण: एकदा नीट केलं, चार दिवसांनी पुन्हा तेच.

बिघडलेलं काहीच नसतं

हे डोक्यात नीट बसलं की पुढचं सोपं जातं. टास्क मॅनेजर खराब झालेला नसतो, त्याला कुलूप लावलेलं असतं. विंडोज २००० पासून ग्रुप पॉलिसी नावाची सोय आहे. मोठ्या ऑफिसात शेकडो मशीन असतात, प्रत्येकावर जाऊन ‘हे चालू, ते बंद’ करत बसण्यापेक्षा एका जागेवरून नियम पाठवायचे, एवढीच मूळ कल्पना. यातले बहुतेक नियम शेवटी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, एका ठरावीक कप्प्यात छोट्याशा आकड्याच्या रूपात लिहिले जातात. विंडोज तो आकडा वाचतं आणि दार बंद करतं.

गोम अशी, की तो आकडा कुणी लिहिला याच्याशी विंडोजला देणंघेणं नसतं. कंपनीच्या सर्व्हरने लिहिला, क्लासच्या सरांनी लिहिला, व्हायरसने लिहिला किंवा यूट्यूब बघून तुमच्या भाच्याने लिहिला, तरी डब्यात शब्द एकच: ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. म्हणून मी कुलूप काढायच्या आधी ते कुणी लावलंय हे शोधतो. खालच्या तपासण्या त्याच क्रमाने लावल्यात. आधी फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या, मग वेळखाऊ, शेवटी हात भाजू शकेल अशा.

तपासणी १: कीबोर्ड आणि एक रिस्टार्ट

हसू नका. ‘विंडोजचं बटण आणि आर दाबलं तरी रन येत नाही’ म्हणून एका क्लासवर गेलो, अर्धा तास पॉलिसी शोधली. शेवटी लक्षात आलं की कीबोर्ड गेमिंगचा होता आणि त्यावर विंडोजचं बटण बंद करणारी सोय चालू होती. कोपऱ्यात कुलपाचं चित्र असलेला बारीक दिवा जळत होता, एवढंच. दुसरा कीबोर्ड लावून बघा. मशीन एकदा पूर्ण रिस्टार्ट करा. राइट क्लिक न चालणं, टास्कबार गोठणं हे कधी कधी एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, अडकल्यामुळेही होतं. त्याचा पॉलिसीशी संबंध नसतो, आणि तेव्हा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ शब्द असलेला डबाही येत नाही.

तपासणी २: मशीन नक्की कुणाचं?

सेटिंग्ज उघडत असेल तर अकाउंट्समध्ये जाऊन ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ बघा. तिथे एखाद्या कंपनीचं किंवा कॉलेजचं खातं जोडलेलं दिसलं तर बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. मोबाइलवर ऑफिसचा मेल जोडताना जसं ‘आमचे नियम मान्य करा’ विचारतात, तसंच लॅपटॉपवरही होतं. घरच्या लॅपटॉपवर ऑफिसचं खातं जोडताना ‘या संस्थेला डिव्हाइस मॅनेज करू द्या’ या चौकटीवरची टिक तशीच ठेवली, की कंपनीचे नियम घरच्या मशीनवर येऊन बसू शकतात. घरचं मशीन असेल आणि त्या खात्याची गरज नसेल तर ते तिथून डिस्कनेक्ट करा. त्याआधी त्या खात्यातल्या फायली बाजूला काढून ठेवा.

मग ‘सिस्टिम’मध्ये ‘अबाउट’ बघा. मशीन डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशीनच्या गटाला, जोडलेलं असेल तर तिथे डोमेनचं नाव येतं. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, त्यामुळे होम असेल तर ही शक्यता तिथेच निकाली.

लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर पुढचं वाचू नका. ऑफिसच्या आयटीवाल्यांना फोन करा. तुम्ही कुलूप काढलंत तरी ते त्यांच्या सर्व्हरवरून परत येणार, आणि वर उत्तर द्यावं लागणार ते वेगळंच.

सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप रिफर्बिश होऊन बाजारात येतात, मीही गिऱ्हाइकांना घेऊन देतो. चांगले असतात. पण एखादा असा निघतो, की फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं, इंटरनेट जोडलं, आणि पहिल्याच पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि ‘तुमच्या ऑफिसच्या खात्याने साइन इन करा’. याला ऑटोपायलट म्हणतात. त्या मशीनच्या हार्डवेअरची ओळख मूळ कंपनीने मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली असते आणि विकताना ती काढायची राहून गेलेली असते. ही नोंद तुमच्या हार्ड डिस्कवर नसतेच, त्यामुळे डिस्क बदलली तरी फरक पडत नाही. इंटरनेट न जोडता सेटअप करून वरवर काम भागवायच्या युक्त्या सांगणारे भेटतात. मी त्या वाटेला जात नाही. विकणाऱ्याकडे बिल घेऊन जा, मूळ कंपनीकडून नोंद काढून आण म्हणा किंवा लॅपटॉप बदलून घ्या. तो टाळाटाळ करायला लागला तर मशीन मुळात आलं कुठून, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तपासणी ३: दुसऱ्या खात्यातून बघा

मशीनवर दुसरं युजर खातं असेल तर त्यातून लॉगिन करा. नसेल तर एक तात्पुरतं बनवा. पॉलिसीचे दोन भाग असतात, एक अख्ख्या मशीनला लागू होणारा आणि दुसरा त्या त्या युजरला. दुसऱ्या खात्यात टास्क मॅनेजर व्यवस्थित उघडला तर कुलूप एकाच युजरच्या खिशात आहे, म्हणजे शोधायची जागा निम्म्यावर आली. दोन्हीकडे बंद असेल तर मशीनच्या भागात किंवा सगळ्यांना लागू केलेल्या लोकल पॉलिसीत शोधावं लागेल.

मुलाचं खातं असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट फॅमिलीची बंधनं आहेत का बघा. आईने घातलेली वेळेची मर्यादा ‘व्हायरस’ समजून माझ्याकडे आलेला दहावीचा मुलगा मला अजून आठवतो. आई बरोबरच आली होती. तिने काही न बोलता मोबाइल काढून दाखवला.

तपासणी ४: विंडोजलाच विचारा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझा सगळ्यांत जास्त वेळ हीच वाचवते. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. ‘जीपीरिझल्ट’, मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि ‘आर’ असं टाइप करा. अर्थात इंग्रजी अक्षरांत. थोड्या वेळात मशीन आणि युजर या दोन भागांत यादी येते: कोणत्या पॉलिसी लागू झाल्या आणि कोणत्या डावलल्या गेल्या.

बघायची ओळ ‘अप्लाइड ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट्स’. तिच्याखाली तीनपैकी काहीतरी दिसेल.

‘लोकल ग्रुप पॉलिसी’ असेल तर कुणीतरी याच मशीनवर बसून नियम लावलाय. तपासणी ६ कडे जा, पण मध्ये ५ करून घ्या.

डोमेनमधल्या एखाद्या पॉलिसीचं नाव असेल तर नियम सर्व्हरवरून येतोय. लोकल, साइट, डोमेन आणि मग त्यातला विभाग अशा क्रमाने नियम लागू होतात आणि सहसा शेवटचा जिंकतो. तुम्ही लोकलमध्ये कितीही चालू करा, डोमेनचा नियम त्यावर बसणारच. इथे थांबा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला गाठा.

काहीच नसेल आणि कुलूप मात्र आहे, तर पॉलिसीच्या रीतसर वाटेने ते आलेलंच नाही. कुणीतरी, म्हणजे व्हायरसने किंवा एखाद्या ‘स्पीड वाढवा’ छापाच्या टूलने, रजिस्ट्रीत थेट आकडा लिहिलाय. असं थेट लिहिलेलं जीपीरिझल्टला दिसत नाही. त्यामुळे रिकामी यादीही बरंच काही सांगून जाते.

‘आर’च्या जागी ‘एच’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं तर हाच अहवाल वेब पानासारखा तयार होतो आणि त्यात प्रत्येक नियमापुढे ‘विनिंग जीपीओ’ म्हणजे कुणाचा शब्द चालला ते लिहिलेलं असतं. मी हा अहवाल दुरुस्तीच्या आधी काढून ठेवतो. का, तर एकदा नाक कापून घेतलंय म्हणून.

एका पतसंस्थेत कॅशियरच्या मशीनवर पेन ड्राइव्ह चालेना. महिनाअखेर, काउंटरवर रांग, आणि कॅशियरला कुठल्यातरी सभासदांची यादी त्यावर घालून हवी. बघतो तर लोकल पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस, आणि तिथे ‘ऑल रिमूव्हेबल स्टोरेज क्लासेस: डिनाय ऑल ॲक्सेस’ चालू. चुटकीसरशी काढलं, चहा घेतला, निघालो. आठ दिवसांनी मॅनेजरचा फोन. ते कुलूप त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याने ऑडिटच्या सांगण्यावरून मुद्दाम लावलेलं होतं, ठेवीदारांची माहिती पेन ड्राइव्हवरून बाहेर जाऊ नये म्हणून. कॅशियरला ते माहीत नव्हतं. मला माहीत करून घ्यायला एक फोन पुरला असता. परत जाऊन ते कुलूप मीच लावलं, बिल न घेता. तेव्हापासून संस्था असेल तर ‘हे कुणी, कशासाठी लावलं’ याचं उत्तर जबाबदार माणसाकडून मिळाल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही.

तपासणी ५: व्हायरस आधी, रजिस्ट्री नंतर

पेन ड्राइव्हच्या व्हायरसचा तो काळ आठवतो का? नेटकॅफेत पेन ड्राइव्ह लावला की फोल्डरच्या रूपातली एक्झे, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल आत बसायची. ब्रॉन्टॉकसारखे वर्म फोल्डर ऑप्शन्स गायब करायचे, म्हणजे लपवलेल्या फायली दिसूच नयेत. सॅलिटी टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करायचा, म्हणजे त्याला मारायची हत्यारंच काढून घ्यायचा. २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट दिला आणि ही लाट ओसरली. जात संपलेली नाही. आता ते क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येतात.

व्हायरस जिवंत असताना रजिस्ट्री नीट करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. तुम्ही आकडा पुसला की तो परत लिहितो. म्हणून विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘स्कॅन ऑप्शन्स’, त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा कमी. साधारण १५ मिनिटं लागतात. उघडलेलं काम आधी सेव्ह करा.

सिक्युरिटीचं पानच उघडत नसेल, किंवा स्कॅनने शेकडो एक्झे फायली बाधित सांगितल्या, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. फोटो, टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढा, एक्झे एकही नको, आणि मग खुशाल फॉरमॅट. अशा वेळी मीही तेच करतो.

तपासणी ६: ग्रुप पॉलिसी एडिटर

रनमध्ये ‘जीपीएडिट डॉट एमएससी’. ही खिडकी प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत मिळते, होममध्ये नाही. होमवर ती ‘बसवून देणाऱ्या’ बॅच फायली नेटवर फिरतात, त्या मी वापरत नाही. होमवाल्यांनी सरळ तपासणी ७ कडे जावं.

शेकडो नियमांतून एक शोधायचा कसा? युजर कॉन्फिगरेशनखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स उघडा, अगदी तळाला ‘ऑल सेटिंग्ज’ असतं. ते निवडा आणि उजवीकडे ‘स्टेट’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. ‘एनेबल्ड’ आणि ‘डिसेबल्ड’ असलेले सगळे एकत्र येतात. शंभर फोल्डर उघडत बसायचं कारण नाही. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्येही हेच करा.

इथे एक भोवरा आहे, त्यात भलेभले अडकतात. नियमांची नावं उलटी असतात. ‘रिमूव्ह टास्क मॅनेजर’ हा नियम एनेबल्ड म्हणजे टास्क मॅनेजर बंद. ‘प्रोहिबिट ॲक्सेस टू कंट्रोल पॅनल अँड पीसी सेटिंग्ज’ एनेबल्ड म्हणजे कंट्रोल पॅनल बंद. घाईत लोक ‘मला चालू हवंय’ म्हणून एनेबल करतात आणि कुलूप आणखी घट्ट करून ठेवतात. नाव पूर्ण वाचा आणि मग ‘नॉट कन्फिगर्ड’ निवडा. डिसेबल्ड नको. डिसेबल्ड म्हणजे ‘हा नियम नाही असं मी ठासून सांगतो’, तोही एक हुकूमच असतो. नॉट कन्फिगर्ड म्हणजे या बाबतीत माझं काहीच म्हणणं नाही.

बदल केल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जीपीअपडेट’, मोकळी जागा, तिरकी रेघ, ‘फोर्स’. मग साइन आउट करून परत या. स्टार्ट मेनूचे आणि डेस्कटॉपचे काही नियम लॉगिन करतानाच वाचले जातात, त्यामुळे इथे ‘काही फरक पडला नाही’ म्हणायची घाई करू नका.

तपासणी ७: रजिस्ट्री

इथून पुढे चुकीला किंमत आहे. आधी रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर आजच्या स्थितीवर परत येता येतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये ज्या कप्प्याला हात लावणार तो फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून ठेवा. एवढं करायचा कंटाळा असेल तर पुढे जाऊ नका, खरंच.

मुख्य जागा दोन. एचकी करंट यूजर › सॉफ्टवेअर › मायक्रोसॉफ्ट › विंडोज › करंटव्हर्जन › पॉलिसीज, आणि त्याखाली ‘सिस्टिम’ व ‘एक्सप्लोरर’ असे दोन कप्पे. एचकी लोकल मशीनखालीही हाच रस्ता आहे, तो अख्ख्या मशीनचा. ‘सिस्टिम’मध्ये ‘डिसेबलटास्कएमजीआर’ आणि ‘डिसेबलरजिस्ट्रीटूल्स’ शोधा. ‘एक्सप्लोरर’मध्ये ‘नोकंट्रोलपॅनल’, ‘नोरन’, ‘नोक्लोज’, ‘नोफोल्डरऑप्शन्स’, ‘नोव्ह्यूकॉन्टेक्स्टमेनू’, ‘नोड्राइव्ह्ज’. नावावरून काम कळतंच. काळ्या खिडकीचं कुलूप मात्र वेगळ्या जागी असतं: सॉफ्टवेअर › पॉलिसीज › मायक्रोसॉफ्ट › विंडोज › सिस्टिममध्ये ‘डिसेबलसीएमडी’. तिथे १ असेल तर बॅच फायलीही बंद, २ असेल तर त्या चालतात. नको असलेली तेवढीच नोंद डिलीट करा. अख्खा ‘पॉलिसीज’ कप्पा उडवू नका. एचकी लोकल मशीनच्या ‘सिस्टिम’मध्ये यूएसीची म्हणजे ‘परवानगी देता का’ विचारणाऱ्या पडद्याची सेटिंग्ज असतात, तीही त्याबरोबर जातील.

‘नोड्राइव्ह्ज’ची गंमत सांगतो, कारण ‘डी ड्राइव्ह उडाली’ म्हणून लोक डेटा रिकव्हरीवाल्याकडे धावतात. प्रत्येक ड्राइव्हला एक आकडा आहे: ए म्हणजे १, बी म्हणजे २, सी ४, डी ८, ई १६, असे दुप्पट होत जातात. लपवायच्या ड्राइव्हच्या आकड्यांची बेरीज तिथे लिहिलेली असते. दशमान पद्धतीत १२ दिसलं तर सी आणि डी लपवलेत. ६७१०८८६३ दिसलं तर ए पासून झेडपर्यंत सगळेच. आणि हे नुसतं लपवणं असतं. वरच्या पत्त्याच्या पट्टीत डी आणि अपूर्णविराम टाइप करून एंटर मारा, सोबत ‘नोव्ह्यूऑनड्राइव्ह’ लावलेलं नसेल तर ड्राइव्ह मुकाट उघडते. रिकव्हरीला पैसे द्यायच्या आधी एवढं करून बघा.

आता या पायरीवरची माझी स्वतःची जुनी चूक. साध्या युजर खात्यावर कुलूप होतं. मी रजिस्ट्री एडिटर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं, दुसऱ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड दिला आणि करंट यूजरमध्ये शोधत बसलो. तिथे काहीच नाही! कारण दुसऱ्या खात्याच्या पासवर्डने उघडलं की ‘करंट यूजर’ म्हणजे तो ॲडमिन, समोर बसलेला युजर नव्हे. साध्या युजरला स्वतःच्या पॉलिसीज कप्प्यात लिहायची परवानगीही नसते. उपाय असा: युजर लॉगिन असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूॲमआय’, तिरकी रेघ, ‘यूजर’ देऊन त्याचा लांबलचक एसआयडी, म्हणजे खात्याचा ओळख क्रमांक, बघा, मग ॲडमिनच्या रजिस्ट्रीत एचकी यूजर्सखाली तोच क्रमांक शोधा. रस्ता पुढे तोच.

परत येतंय?

काढलेलं कुलूप परत आलं, तर ते कधी आलं याची वेळ नोंदवा. त्या वेळेवरूनच उत्तर निघतं.

प्रत्येक रिस्टार्टनंतर हुबेहूब जुनी स्थिती, तुमच्या नव्या फायलीही गायब: मशीनवर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटर क्लासमध्ये हे सर्रास असतं. घड्याळाजवळच्या चिन्हांत अस्वल शोधा. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याच्याकडूनच ते ‘वितळवून’ घ्यायचं, मग बदल करायचा.

रिस्टार्टनंतर फक्त कुलूप परत, फायली जागेवर: स्टार्टअपला किंवा टास्क शेड्यूलरमध्ये काहीतरी आहे. व्हायरसचा अवशेष किंवा ‘प्रायव्हसी’ वाढवणारं एखादं टूल.

काही तासांनी किंवा दिवसांनी परत: डोमेन. सर्व्हरशी मशीन साधारण ९० मिनिटांनी बोलतं, त्यात अर्ध्या तासापर्यंतची भर पडू शकते. पण सर्व्हरवरची पॉलिसी बदललेली नसेल तर ती सहसा पुन्हा लिहिली जात नाही. म्हणून तुमचा जुगाड दोन आठवडेही टिकतो, आणि तिकडे कुणी त्या पॉलिसीत काही बदललं किंवा इकडे कुणी फोर्स अपडेट मारलं की एका झटक्यात उडतो. ‘आपोआप बिघडलं’ म्हणतात ते हे.

स्वतःलाच कोंडून घेतलं असेल तर

क्लासच्या मशीनवर मुलांनी गेम खेळू नयेत म्हणून सर ‘रन ओन्ली स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स’ चालू करतात, यादीत वर्ड आणि एक्सेल घालतात. एमएमसी म्हणजे पॉलिसी एडिटर चालवणारा प्रोग्रॅम यादीत घालायचा राहतो. झालं. आता नियम काढायला एडिटर हवा आणि एडिटर उघडायला नियम आडवा. लोकल पॉलिसीचा युजर भाग ॲडमिनलाही लागू होतो, त्यामुळे दुसरं ॲडमिन खातंही अडकतं.

किल्ली अशी, की हा नियम एक्सप्लोररमधून उघडलेल्या प्रोग्रॅमना अडवतो, काळ्या खिडकीत टाइप केलेल्यांना नाही. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन ‘सेफ मोड विथ कमांड प्रॉम्प्ट’ निवडा. ॲडमिनने लॉगिन केलं की फक्त काळी खिडकी येते. तिथे ‘एमएमसी डॉट एक्झे’, मोकळी जागा, ‘जीपीएडिट डॉट एमएससी’. नियम नॉट कन्फिगर्ड करा आणि सुटा. या वाटेवर बिटलॉकरने (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागितली आणि ती तुमच्याकडे नसेल, तर अंदाजाने काही टाकू नका. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली आहे का बघा.

यानंतर सरांना मी एकच गोष्ट शिकवून येतो: नियम विद्यार्थ्यांपुरताच लावायचा. एमएमसी उघडून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटरचा स्नॅप-इन घालताना ‘ब्राउझ’ दाबायचं, ‘यूजर्स’ या टॅबवर ‘नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स’ निवडायचं. ही सोय व्हिस्टापासून आहे, पण वापरताना मी फार थोड्यांना पाहिलंय.

शेवटचा उपाय: लोकल पॉलिसी कोरी करणं

मशीन तुमचं, डोमेन नाही, व्हायरस नाही, आणि कुणी काय काय लावून ठेवलंय याचा थांगपत्ता नाही, अशाच वेळी. विंडोज फोल्डरच्या सिस्टिम३२ मध्ये ‘ग्रुपपॉलिसी’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं, कधी जोडीला ‘ग्रुपपॉलिसीयूजर्स’. डिलीट न करता दोघांची नावं बदला, फोर्स अपडेट द्या, रिस्टार्ट करा. सगळे लोकल नियम जातील, हवे असलेलेही. म्हणून तो जीपीरिझल्टचा अहवाल आधी काढून ठेवलेला बरा.

कधी थांबायचं

डोमेनचं किंवा कंपनीचं नाव दिसलं की. पतसंस्था, दवाखाना, सीए ऑफिस अशा लोकांची माहिती असलेल्या मशीनवर कुलूप कुणी लावलं हे कळत नसेल तर. बिटलॉकर की नसेल तर. बाधित फायलींची संख्या वाढतच असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा.

तंत्रज्ञाला बोलावताना तीन गोष्टी तयार ठेवा: संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो, जीपीरिझल्टचा अहवाल, आणि कुलूप दिसायच्या आदल्या दिवशी मशीनवर कोण बसलं होतं त्याचं नाव. तिसरी गोष्ट सांगायला लोक सगळ्यांत जास्त वेळ लावतात.